एक रूप, निरनिराळी कुळे

या अंकासाठी आलेल्या पत्रांपैकी बरीचशी खान्देशातील आहेत आणि त्यांतील प्रश्न थोड्याफार फरकाने एकाच जातीचे आहेत. दिसायला आणि ऐकायला सारखा असणारा शब्द दोन भाषांत दोन अर्थांनी भेटला, तर तो शब्द एक समजावा की दोन, असे विचारणारे हे प्रश्न आहेत. खान्देशात ते पडावेत यात नवल नाही. नवापूर ओलांडले की गुजराती, रावेर मागे पडले की बुऱ्हाणपूरची हिंदी, सातपुड्यात पावरी आणि भिली, घरात अहिराणी किंवा लेवा बोली आणि शाळा-कचेरीत प्रमाण मराठी, अशा पाचसहा भाषा तेथील माणसाच्या कानावर सहज पडतात. निवडक पत्रे थोडी संक्षिप्त करून येथे घेतली आहेत.

प्रश्न : आमच्या शाळेतील बहुतेक मुले घरी अहिराणी बोलतात. रामदासांच्या श्लोकातील 'मना सज्जना' याचा अर्थ विचारला तेव्हा तिसरीतील एका मुलाने "मना म्हणजे माझा" असे सांगितले. वरच्या वर्गातील मुले हिंदीच्या तासाला 'यहाँ थूकना मना है' असे वाचतात. मुळात हा एकच शब्द असून त्याचे अर्थ बदलत गेले काय? मुलाचे उत्तर चूक ठरवावे काय?
एक शिक्षिका, साक्री तालुका

उत्तर : हे तीन स्वतंत्र शब्द आहेत आणि तिघांचा एकमेकांशी संबंध नाही. श्लोकातील 'मना' हे 'मन' या संस्कृत शब्दाचे संबोधनाचे रूप आहे. अहिराणीतील 'मना' हे सर्वनामाच्या 'म'ला षष्ठीचा 'ना' हा प्रत्यय लागून झालेले रूप आहे. प्रमाण मराठी जेथे चा, ची, चे लावते तेथे अहिराणी ना, नी, नं लावते. म्हणून 'मना भाऊ', 'मनी माय', 'मनं घर' आणि त्याच चालीवर 'तुना', 'आमना', 'तुमना', 'रामना' अशी रूपे होतात. गुजरातीत नामांना लागणारे नो, नी, नुं हे प्रत्यय याच वळणाचे आहेत. मराठीचा 'माझा' मात्र प्राकृतातील 'मज्झ'वरून आला असल्यामुळे त्याचा आणि अहिराणीतील 'मना'चा रस्ता वेगळा आहे. हिंदीतील 'मना' अरबी आहे. मूळ शब्दाच्या शेवटी घशातून काढायचा एक वर्ण होता. तो आपल्याकडे कोणाच्या तोंडी टिकला नाही आणि त्याच्या जागी 'आ' ऐकू येऊ लागला. हा वर्ण टिकला असता तर शब्दांची गाठ पडलीच नसती. मराठीत तोच अरबी शब्द 'मनाई' या रूपाने नांदतो आणि 'मनाई हुकूम' कोर्टात रोज ऐकू येतो.

शब्द एक की अनेक हे ओळखायचे असेल तर त्याचे एकटे रूप न पाहता त्याच्यासोबत कोण कोण फिरते ते पाहावे. 'मन' म्हटले की मनोहर, मनस्वी, सुमन ही मंडळी येतात. अहिराणी 'मना'बरोबर 'तुना' आणि 'आमना' येतात. अरबी 'मना' या दोन्ही घोळक्यांत कोठेच बसत नाही. खान्देशात गावोगावी पाटील भेटतात म्हणून सगळे पाटील एका घरचे ठरत नाहीत. घर ठरवताना भाऊबंद विचारावे लागतात.

'मनी' या रूपाने तर याहून मोठी गर्दी केली आहे. 'मनी वसे ते स्वप्नी दिसे' यातील 'मनी' सप्तमीचे रूप आहे, अहिराणीत 'मनी' म्हणजे 'माझी', घरातील मांजरीलाही मनी म्हणतात आणि टपालाने येणाऱ्या मनीऑर्डरमधील 'मनी' इंग्रजी आहे. या शेवटच्या शब्दाची कथा गमतीची आहे. रोममध्ये जूनो मोनेटा या देवतेच्या मंदिराजवळ नाणी पाडली जात, म्हणून देवतेच्या नावावरून टांकसाळीला आणि पुढे पैशाला नाव मिळाले. 'मोनेटा' हे नाव आठवण देणे किंवा सावध करणे या अर्थाच्या लॅटिन क्रियापदाशी जोडण्याची जुनी रीत आहे आणि ते क्रियापद संस्कृत 'मन्' धातूचे दूरचे आप्त आहे. ही जोडणी मान्य केली, तर शेजारच्या अहिराणी 'मनी'शी नाते नसलेले आपले 'मन' सातासमुद्रापलीकडच्या पैशाशी नाते सांगते, असे म्हणावे लागेल.

मुलाच्या उत्तराविषयी म्हणाल, तर त्याने आपल्या भाषेचे व्याकरण बिनचूक लावले आहे. श्लोक त्या भाषेतला नाही, एवढेच त्याला सांगावे. त्याच वर्गात 'कथा' हा शब्द आला तर 'कथा जास?' म्हणजे 'कोठे जातोस?' असे म्हणणारी मुले पुन्हा अडतील, आणि 'पाचशे' लिहिताना 'मना भाऊ घरमा शे' यातील 'आहे' या अर्थाचा 'शे' कोणाला तरी आठवेल. ग्रिअर्सन यांनी १९०७ साली भारतीय भाषांच्या सर्वेक्षणाच्या नवव्या खंडात खान्देशीला मराठीच्या खंडात न घालता भिली बोलींच्या सोबत ठेवले, त्यामागे अशाच प्रत्ययांचे आणि क्रियारूपांचे निरीक्षण होते. त्यांच्या वर्गीकरणावर पुढे पुष्कळ वाद झाला. तरीही अहिराणी म्हणजे बिघडलेली मराठी, या समजुतीला त्या नोंदी आजही चांगले उत्तर आहेत.

प्रश्न : मी रेल्वेतून निवृत्त झालो असून भुसावळला राहतो. "काय ऊन आहे!" असे मी म्हटले की उत्तरेकडून आलेले माझे शेजारी हसतात, कारण त्यांच्या हिंदीत ऊन म्हणजे लोकर. लोकर अंगाला ऊब देते म्हणून उष्णतेलाही ऊन म्हणू लागले, असे त्यांचे म्हणणे आहे. हे बरोबर आहे काय?
एक वाचक, भुसावळ

उत्तर : आपल्या शेजाऱ्यांची कल्पना सुबक आहे, पण खरी नाही. व्युत्पत्तीच्या क्षेत्रात सुबक गोष्टींपासून थोडे दूरच राहावे. मराठी 'ऊन' हा 'उष्ण' या शब्दाचा वंशज आहे. संस्कृतातील 'ष्ण' प्राकृतात 'ण्ह' होतो आणि मराठीत येता येता तो आणखी सौम्य होतो. 'कृष्ण'चा 'कण्ह' आणि मग 'कान्हा' झाला, 'तृष्णे'ची 'तण्हा' आणि मग 'तहान' झाली, त्याच ओळीत 'उष्ण'चे 'उण्ह' आणि मग 'ऊन' झाले. ताटातील 'ऊन ऊन भात' आणि अंगणातील ऊन यांत मराठीने फरक केला नाही, याचे कारणही हेच. हिंदी आणि गुजराती 'ऊन' मात्र 'ऊर्णा' म्हणजे लोकर या शब्दावरून आले आहे. 'र्ण'चा प्राकृतात 'ण्ण' होतो आणि पुढे साधा 'न' उरतो. 'कर्ण'चा कान, 'पर्ण'चे पान, 'चूर्ण'चा चुना हे सर्व त्याच वाटेने आले. दोन वाटा निराळ्या, पण दोन्हींच्या शेवटी एकच वर्ण उरला, म्हणून रूपे जुळली.

संस्कृतात तिसरा एक 'ऊन' आहे आणि त्याचा अर्थ 'कमी' असा आहे. एक कमी वीस ते 'एकोनविंशति', म्हणजे आपले एकोणीस. हा शब्द मराठीत ऊन न राहता 'उणे' झाला, कारण दोन स्वरांमध्ये एकटा सापडलेला 'न' मराठीत 'ण' होतो, जसे 'पानीय'चे पाणी आणि 'भगिनी'ची बहीण. जोडाक्षरातून उतरलेला 'न' राहिला आणि एकटा 'न' बदलला, एवढ्या बारीक फरकामुळे मराठीत ऊन आणि उणे यांची सरमिसळ झाली नाही. लोकरीसाठी मराठीने 'लोकर' हाच शब्द चालवल्यामुळे तिकडूनही अडचण आली नाही. अडचण येते ती शेजारी बदलल्यावर. मे महिन्यात पंचेचाळीस अंशांवर पारा चढलेल्या भुसावळात 'ऊन' ऐकून कोणाला लोकर आठवावी, यात भाषेपेक्षा हवामानाचा विनोद अधिक आहे. त्यात अहिराणीची भर घातली तर 'आखाजी उनी' म्हणजे अक्षय्य तृतीया आली. येथे 'उनी' हे 'येणे'चे भूतकाळी रूप आहे. हिंदीच्या कानाला तेथेही 'ऊनी' म्हणजे लोकरीचीच वस्तू ऐकू येईल.

जाता जाता आणखी एक गोष्ट सांगण्याजोगी आहे. 'ऊर्णा' आणि इंग्रजी 'वुल' हे दोन शब्द कानाला अजिबात सारखे वाटत नाहीत, तरी ते एका मूळ शब्दाचे वंशज आहेत आणि लॅटिनमधील 'लाना' हाही त्यांचाच भाऊ आहे. उलट, बदनाम आणि बदमाश यांतील फारसी 'बद' आणि इंग्रजी 'बॅड' यांचा उच्चार जवळजवळ सारखा आणि अर्थही एकच, पण त्यांचे काहीही नाते नाही. केवळ साम्यावर भरवसा ठेवणारा माणूस पहिल्या जोडीला परके आणि दुसऱ्या जोडीला सख्खे ठरवील.

प्रश्न : माझी मुलगी बुऱ्हाणपूरला दिली आहे. तिच्या सासूबाईंनी लिहिले की, बहूने बहुत अच्छी शिक्षा पाई है, आणि तिची आजी दोन दिवस जेवली नाही. शिक्षा, चेष्टा, संसार असे अनेक शब्द दोन्हीकडे आहेत, पण अर्थ जुळत नाहीत. मूळ अर्थाला धरून कोण आहे, मराठी की हिंदी?
एक वाचक, रावेर

उत्तर : आजींची काळजी मिटली असेल अशी आशा आहे. वरच्या दोन पत्रांतील शब्द आणि हे शब्द यांत मोठा फरक आहे. तेथे वेगळे शब्द एका रूपात आले होते, येथे एकच शब्द दोन घरी वाढला आहे. 'शिक्षा' हा शब्द 'शक्' म्हणजे समर्थ असणे या धातूच्या इच्छार्थक रूपावरून आला असून 'समर्थ होण्याची इच्छा' हा त्याचा सर्वांत जुना आशय आहे. त्यावरून शिकणे, शिकवणे आणि वेदांगांपैकी उच्चारशास्त्र असे अर्थ झाले. शिकवण्यातून वळण लावणे आणि वळण लावण्यातून दंड करणे हा पुढचा प्रवास मराठीत झाला. जुन्या पंतोजींच्या छडीकडे पाहता तो फार लांबचा म्हणता येणार नाही. शिकण्यासाठी मराठीने 'शिक्षण' राखून ठेवले. गुजरातीतही शिक्षा म्हणजे दंड, त्यामुळे आपल्या मुलीचे सासर सुरतेला असते तर आजी जेवल्या असत्या.

'चेष्टा' म्हणजे मुळात हालचाल, अंगविक्षेप. हिंदीने त्यातून प्रयत्न घेतला, तर मराठीने दुसऱ्याच्या हालचालींची नक्कल करून केलेली थट्टा घेतली. 'संसार' म्हणजे मुळात जन्ममरणाच्या फेऱ्यांतून वाहत जाणे. हिंदीत ते सगळे जग झाले आणि मराठीत चूल, मुले आणि भांडीकुंडी. फारसीतील 'खून' म्हणजे रक्त. हिंदी माणूस खून तपासायला देतो आणि मराठी माणूस खुनाचा तपास लावतो. 'राग' या शब्दात रंगणे, आसक्त होणे असा मूळ भाव आहे. मराठीत त्याचा अर्थ संताप झाला, तरी 'अनुराग'मध्ये जुने प्रेम आणि 'रागदारी'मध्ये संगीत शाबूत आहे.

मूळ अर्थ कोणी राखला याचा निवाडा करता येतो, पण त्यावरून कोण बरोबर हे ठरत नाही, असे माझे मत आहे. मूळ अर्थ हाच खरा धरला तर 'संसार' शब्द तुम्हालाही वापरता येणार नाही आणि विहीणबाईंनाही नाही. सरकारी हिंदी पत्रकांची मराठी भाषांतरे वाचताना मात्र हा भेद डोळ्यांत तेल घालून पाहावा लागतो, कारण तेथे लिपी एक असल्यामुळे शब्द जसाच्या तसा उचलण्याचा मोह फार होतो.

प्रश्न : आमचा धान्याचा पिढीजात व्यवसाय आहे. 'शेरास सव्वाशेर' ही म्हण सिंहावरून आली असे माझा मुलगा सांगतो, मी वजनावरून म्हणतो. कोण बरोबर?
एक व्यापारी, धरणगाव

उत्तर : आपण बरोबर आहात. सिंह सव्वापट असू शकत नाही, वजन असू शकते. चार शेरांची पायली आणि चाळीस शेरांचा मण मोजणाऱ्यांनी ही म्हण घडवली. १९५६ च्या कायद्यानंतर मेट्रिक मापे आली आणि सुमारे ९३३ ग्रॅमांचा सरकारी शेर बाजारातून गेला. वजन डोळ्यांसमोरून गेल्यावर म्हणीतील शब्द निराधार झाला आणि हिंदी सिनेमातील 'शेर' त्याच्या जागी येऊन बसला. आपल्या मुलाचा दोष नाही, त्याने शेराचे माप पाहिलेलेच नाही.

सिंहवाचक 'शेर' फारसी आहे. मैफलीत ऐकवला जाणारा शेर अरबी असून 'शायर' त्याच कुळातला आहे. फारसीत दुधाला 'शीर' म्हणतात. जुन्या फारसीत सिंहाचा 'शेर' आणि दुधाचा 'शीर' असा उच्चारभेद होता, आजच्या इराणमध्ये दोन्ही शब्द 'शीर' असेच उच्चारले जातात. ईदच्या दिवशी शेजारून येणाऱ्या शीरखुर्म्यात हे दूध आहे आणि खुर्मा म्हणजे खजूर. शेराचा चौथा हिस्सा तो पावशेर. हा 'पाव' संस्कृत 'पाद'वरून आला. बेकरीतील पाव पोर्तुगीजांनी आणला. 'देवा, पाव' यातील पाव 'प्राप्'वरून आलेल्या 'पावणे'चे आज्ञार्थी रूप आहे. तिघे एकाच ताटात आले तरी परस्परांना ओळखणार नाहीत.

व्यापाऱ्याच्या जिभेवरील 'दाम'ही असाच आहे. ग्रीकांचे 'द्राख्मे' हे नाणे संस्कृतात 'द्रम्म' झाले आणि त्याचाच पुढे दाम झाला. अकबराच्या राज्यात चाळीस दामांचा एक रुपया होई. व्याज मुदलापेक्षा अधिक घेऊ नये हा 'दामदुपटी'चा जुना दंडक आहे, त्यातील दाम हाच. 'दामोदर' यातील दाम म्हणजे दोरी, तो संस्कृत आहे. आणि फारसीत दाम म्हणजे जाळे. सावकाराच्या खात्यात तिन्ही अर्थ लागू पडतात असे कोणी म्हणेल, पण तो अनुभव झाला, व्युत्पत्ती नव्हे.

प्रश्न : आमच्या घरी केळीच्या बागा आहेत. जुन्या कवितेत 'जलकेळी', 'रासकेळी' वाचून वर्गात हशा होतो. या केळीचा आमच्या केळीशी संबंध आहे का?
एक विद्यार्थिनी, यावल

उत्तर : नाही. फळाचे मूळ 'कदली' आहे, खेळाचे 'केलि'. दोन स्वरांमधला एकटा 'ल' मराठीत 'ळ' होतो ('फल'चे फळ, 'काल'चा काळ) आणि हा नियम दोन्हींना लागल्यामुळे दोन्ही 'केळी' झाल्या. हिंदीत फळाचा 'केला' झाला. तो मराठी माणसाला 'करणे'चे भूतकाळी रूप वाटतो. तुमच्याकडे बोलताना 'ळ'चा 'य' होतो, जळगावचे 'जयगाव' होते आणि काळ्याचे 'काया', हे आपल्याला ठाऊकच असेल. तेव्हा पुस्तकातील 'काया' म्हणजे शरीर वाचताना वर्गात आणखी एकदा हशा होण्यास वाव आहे.

प्रश्न : खान्देश हे नाव खानाचे की कान्हाचे?
एक वाचक, अमळनेर

उत्तर : बुऱ्हाणपूरच्या फारुकी राजांनी 'खान' ही पदवी लावली आणि त्यांच्या मुलखाला खानदेश म्हटले गेले, हा एक पक्ष. अभीरांच्या या प्रदेशाचे नाव 'कान्हदेश' होते आणि त्याचे रूपांतर झाले, हा दुसरा. 'कान्ह'मधील हकार पुढे सरकून 'क'चा 'ख' होणे उच्चाराच्या दृष्टीने अशक्य नाही, त्यामुळे नुसत्या रूपाकडे बोट दाखवून दुसरा पक्ष फेटाळता येत नाही, पण तेवढ्यावर तो सिद्धही होत नाही. लोक आपापल्या आवडीप्रमाणे पक्ष निवडतात आणि मग त्याला ध्वनिनियम चिकटवतात, असा माझा अनुभव आहे.

एक पुरावा मात्र रूपाबाहेरचा आहे आणि तो मला महत्त्वाचा वाटतो. १६०१ साली असीरगड पडल्यावर अकबराने हा सुभा शाहजादा दानियालच्या नावावरून 'दानदेश' केला. 'खान' काढून 'दान' घातला, याचा अर्थ मुघल दरबाराने पहिला अवयव व्यक्तीचा किंवा पदवीचा मानला होता. त्यामुळे सतराव्या शतकाच्या आरंभी राज्यकर्त्यांना हे नाव कसे ऐकू येत होते ते कळते. त्याआधीच्या काळाबद्दल त्यातून काही निघत नाही. दानियाल पुढे बुऱ्हाणपुरातच वारला आणि दानदेश हे नाव कागदोपत्री थोडा काळ राहून मागे पडले. १९०६ साली इंग्रजांनी जिल्ह्याचे पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग केले, तेव्हाही दोन्हींच्या नावांत खान्देशच होता.